चार मात्रांची चाल: पॉल चेंबर्सच्या रेकॉर्डवरून हार्ड बॉप बास कसा शिकावा

हार्ड बॉपची, म्हणजे पन्नाशीच्या दशकातल्या ब्लूजकडे झुकलेल्या जॅझची, रेकॉर्ड लावली की कान आधी ट्रम्पेटकडे जातो, मग सॅक्सोफोनकडे, मग ड्रमच्या झांजेकडे. बासकडे लक्ष जातं ते बहुधा तो थांबल्यावर, पायाखालची फरशी सरकल्यासारखं झालं की. ही फरशी कशी घालायची ते शिकायला अमेरिकन जॅझ बासवादक पॉल चेंबर्ससारखा दुसरा गुरू नाही. जन्म २२ एप्रिल १९३५, पिट्सबर्ग, वाढला डेट्रॉइटमध्ये, मृत्यू ४ जानेवारी १९६९, न्यूयॉर्क. आयुष्य ३३ वर्षांचं आणि त्यातली व्यवसायाची वर्षं जेमतेम चौदा-पंधरा. पण एवढ्या काळात तो माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन, सॉनी रॉलिन्स, सॉनी क्लार्क, बड पॉवेल, आर्ट पेपर, ऑलिव्हर नेल्सन, वेस माँटगोमेरी अशा सगळ्यांच्या रेकॉर्डवर वाजला. स्वतःच्या नावावर मोजकेच अल्बम. बाकी सगळं काम दुसऱ्याच्या मागे उभं राहून.

त्याच्याकडून शिकायच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण किल्ली एकच: बारची, म्हणजे चार मात्रांच्या विभागाची, चौथी मात्रा. पहिली मात्रा कुणालाही कळते, कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) तिथं बदलते. चौथ्या मात्रेवर तुम्ही कुठला स्वर घेता, तो किती वेळ धरता आणि तो पुढच्या समेवर कसा सोडता, यावर चाल, म्हणजे मात्रेमात्रेला एक स्वर टाकत जाणारा बास, चालते की अडखळते ते ठरतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

वाद्य आणि तारा

डबल बासच्या चार तारा खालून वर ई, ए, डी, जी. ई सुमारे ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर. बहुतेक वादक ज्याला 'तीन चतुर्थांश' म्हणतात तो आकार वापरतात. तारेची वाजणारी लांबी साधारण १०४ ते १०६ सेंटीमीटर. पूर्ण आकाराच्या मागे लागू नका, हात लहान असेल तर मनगट कायमचं दुखावेल.

पन्नाशीच्या दशकात डी आणि जी या तारा बहुधा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या असत. तातीचा आवाज भरदार येतो, पण लवकर विझतो. म्हणून त्या काळचे वादक तारा उंच ठेवत आणि जोरात ओढत. आज बहुतेक सगळे स्टीलच्या तारा लावतात. स्टील लांब गुंजतं, त्यामुळे उंची कमी चालते: फिंगरबोर्डच्या शेवटाशी जी तारेखाली ५ ते ७ मिलिमीटर, ई तारेखाली ७ ते १० मिलिमीटर. याहून खाली आणली की जोरात वाजवताना तार फिंगरबोर्डला घासते. सतारीत जवारी हवीच असते. इथं ती हार्ड बॉपचा ठोसाच खाऊन टाकते. उलट, जुन्या फोटोतली उंची पाहून तारा १२ मिलिमीटरवर नेल्या की पंधरा मिनिटांत अंगठ्याचा तळ दुखू लागतो आणि लय मागे पडते. उंची एका वेळी अर्धा मिलिमीटर वाढवा, आठवडाभर वाजवा, मग पुढचं ठरवा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर तातीच्या तारा पावसाळ्यात लावू नका. दमट हवेत तात फुगते, स्वर सारखा सरकतो. अखंड लाकडाच्या बासचे सांधे या हवेत सुटू शकतात. प्लायचा बास जास्त सोशिक. बास एसीच्या झोताखाली किंवा उन्हाच्या खिडकीशी उभा करू नका. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती उभी पट्टी, महिन्यातून एकदा बाजूने पाहा: खुंट्या पिळून पिळून ती फिंगरबोर्डकडे झुकते आणि एक दिवस धाडकन पडते. तारा थोड्या सैल करून ती दोन्ही हातांनी सरळ करायची. तारा पूर्ण सोडू नका, आतला आवाजाचा खांब निसटेल. तो परत बसवणं कारागिराचं काम.

डबल बास नसेल तर इलेक्ट्रिक बासवर सुरुवात करायला काहीच हरकत नाही. गुळगुळीत वेढ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावा, टोनचं बटण अर्ध्याच्या खाली आणा, घोडीजवळ तारांखाली फोमची बोटभर जाड पट्टी घाला आणि बोट मानेच्या टोकाशी चालवा. पडद्यांमुळे सूर आपोआप मिळतो, तेव्हा सगळं लक्ष लयीवर देता येतं.

उजवा हात, डावा हात

उजव्या हाताच्या तर्जनीची बाजू वापरा, टोक नाही. अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टेकलेला, बोट जवळजवळ तारेच्या दिशेनेच झुकलेलं. ओढायचं ते बोटाच्या ताकदीने नाही. हाताचं वजन सोडायचं. तार ओढून झाली की बोट पुढच्या तारेवर येऊन विसावलं पाहिजे. हवेत उडत असेल तर जोर वाया जातोय. ओढण्याची जागा फिंगरबोर्डच्या शेवटाजवळ. तिथून मानेकडे गेलात की आवाज मऊ पडतो, घोडीकडे गेलात की कडक आणि बारीक होतो.

डाव्या हाताला खालच्या भागात तीनच बोटं धरा: पहिलं, दुसरं आणि चौथं. तिसरं चौथ्याला टेका देतं. पहिल्या आणि चौथ्या बोटात एक पूर्ण स्वर, मधलं बोट अर्ध्या स्वरावर. पडद्यांच्या बासवरून आलेले लोक चार बोटं चार अर्ध्या स्वरांवर ताणतात. डबल बासवर तेवढं अंतर पोचत नाही, म्हणून स्वर उतरलेले लागतात आणि करंगळी दुखते.

आता खरी अडचण. नवशिका चौथी मात्रा वाजवतो आणि पुढचा स्वर शोधायला डावा हात लवकर उचलतो. स्वर तिथंच तुटतो. कानाला चार मात्रांऐवजी साडेतीन आणि एक खड्डा ऐकू येतो. चेंबर्सचा स्वर पुढचा स्वर लागेपर्यंत टिकतो. हे साधायला एकच उपाय: मेट्रोनोम ६० वर ठेवा, प्रत्येक ठोक्याला एक स्वर, आणि हात बदलताना 'आता' असं मनात म्हणेपर्यंत दाब सोडू नका. सलग १० मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण याला वगळून पुढं गेलेल्यांचा बास वर्षानुवर्षं ठेचकाळतो.

चेंबर्सनं संगीताची सुरुवात बॅरिटोन हॉर्न आणि ट्यूबा या फुंकवाद्यांवर केली. बास हाती घेतला तो साधारण १९४९ च्या सुमारास. डेट्रॉइटच्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये त्याचं रीतसर शिक्षण झालं आणि डेट्रॉइट सिम्फनीच्या बासवादकाकडे त्यानं धडे घेतले. पुढे माइल्सच्या बँडमध्ये त्याच्या जागी आलेला रॉन कार्टर याच शाळेतला. जॅझ म्हणजे कानावर शिकलेलं, कागदाशी देणंघेणं नाही, अशी समजूत असेल तर इथंच सोडा. रोज वेगळ्या नेत्याबरोबर रेकॉर्डिंग, हातात नवा कागद, आणि टेपचा पैसा कुणाचा तरी चाललेला: नोटेशन वाचता येणं ही त्या धंद्यातली भाकरी होती.

एफमधला ब्लूज: बारा बार, अठ्ठेचाळीस मात्रा

चाल बांधायला एफ ब्लूज घ्या. पहिली मात्रा कॉर्डचा मूळ स्वर किंवा पंचम. दुसरी-तिसरी कॉर्डमधून चालत जाणारी. चौथी पुढच्या बारच्या पहिल्या स्वरापासून अर्ध्या स्वरावर, वरून किंवा खालून. खालची चाल जशीच्या तशी वाजवा. सुरुवातीचा एफ ई तारेवरचा, खालचा.

पहिला बार (एफ सेव्हन): एफ, ए, सी, बी
दुसरा (बी फ्लॅट सेव्हन): बी फ्लॅट, डी, एफ, जी फ्लॅट
तिसरा (एफ सेव्हन): एफ, डी, सी, बी
चौथा (सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन): सी, ई फ्लॅट, एफ, ए
पाचवा (बी फ्लॅट सेव्हन): वरचा बी फ्लॅट, एफ, डी, खालचा बी फ्लॅट
सहावा (बी डिमिनिश्ड): बी, डी, एफ, डी फ्लॅट
सातवा (एफ सेव्हन): सी, एफ, ए, ई फ्लॅट
आठवा (डी सेव्हन): डी, एफ शार्प, ए, ए फ्लॅट
नववा (जी मायनर सेव्हन): जी, एफ, डी, डी फ्लॅट
दहावा (सी सेव्हन): सी, ई, जी, जी फ्लॅट
अकरावा (एफ सेव्हन, डी सेव्हन): एफ, ई फ्लॅट, डी, खालचा ए फ्लॅट
बारावा (जी मायनर सेव्हन, सी सेव्हन): खालचा जी, डी फ्लॅट, सी, मोकळी ई

शेवटची मोकळी ई तुम्हाला परत खालच्या एफवर, म्हणजे आवर्तनाच्या समेवर आणून सोडते.

आता फक्त चौथ्या मात्रा पाहा. बाराही ठिकाणी पुढचा स्वर अर्ध्या पावलावर आहे: आठ वेळा वरून उतरून, चार वेळा खालून चढून. त्यातल्या चार ठिकाणी, म्हणजे चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि बाराव्या बारमध्ये, तो स्वर त्या कॉर्डचाच आहे. उरलेले आठ स्वर कॉर्डच्या बाहेरचे. तरी खटकत नाहीत, कारण समेच्या अगदी आधी आहेत आणि लगेच घरी पोचतात. तोच बाहेरचा स्वर पहिल्या मात्रेवर ठेवून बघा. पियानोवाला मान वर करून तुमच्याकडे बघेल.

ही चाल १२० च्या लयीत न अडखळता दहा आवर्तनं वाजली की ती मोडा. प्रत्येक बारचा शेवट असा अर्ध्या पावलाचा ठेवला तर शिवणकामाच्या मशीनसारखं वाजतं. चेंबर्स कधी एकच स्वर लागोपाठ दोन मात्रा ठेवतो, कधी सरळ सप्तक उतरत जातो, कधी बारची सुरुवात मूळ स्वराऐवजी तिसऱ्यावर करतो. कधी मध्येच मोकळ्या तारेचा एक दबका, जवळजवळ न ऐकू येणारा ठोका टाकतो. हा दबका ठोका फार गोड लागतो, म्हणूनच नवशिके तो प्रत्येक बारमध्ये टाकतात. चार बारमध्ये एकदा, त्याहून जास्त नको.

एफ झाला की बी फ्लॅट, मग ई फ्लॅट, सी मायनर, जी. हळूहळू बाराही सुरांत. शिवाय बी फ्लॅटमधला बत्तीस बारचा तो नेहमीचा साचा, ज्याला 'रिदम चेंजेस' म्हणतात. एवढ्या सामानावर हार्ड बॉपचा बराचसा संसार चालतो.

मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्यावर

१२० च्या लयीसाठी मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि त्याचा ठोका दुसरी व चौथी मात्रा समजा. ड्रमवादकाची हाय-हॅट (पायानं मिटणारी जोडझांज) तिथंच मिटते. ऐकायला सोपं, करायला अवघड, कारण डोकं त्या ठोक्याला सम समजायला धावतं. ठोक्याच्या मधल्या जागेत तोंडानं 'एक' म्हणा, ठोक्यावर 'दोन', मग 'तीन', ठोक्यावर 'चार'. चार बार नुसतं म्हणा, मग वाजवा. घसरलात की थांबा. वाजवता वाजवता सुधारायला गेलात तर चुकीचीच सवय लागते.

हे जमलं की मेट्रोनोम ३० वर, आणि ठोका फक्त चौथ्या मात्रेवर. आता बारभर तुम्ही एकटे असता. ठोका तुमच्या स्वराच्या आधी येत असेल तर तुम्ही मागे पडताय, नंतर येत असेल तर पळताय. बहुतेक लोक पळतात, आणि नेमके तिथं जिथं हात बदलायचा असतो: भीतीनं हात लवकर जातो, स्वरही लवकर पडतो.

चेंबर्स ठोक्याच्या पुढच्या कडेवर वाजवतो. ड्रमच्या आधी नाही, पण कधी मागे रेललेलाही नाही. फिली जो जोन्ससारखा ड्रमवादक मध्येच दणके टाकत असताना चाल न हलणं यातच त्याचं मोल आहे. ड्रम मोठा झाला की बासवाल्याचा हात आपसूक जोर आणि वेग दोन्ही वाढवतो. जोर वाढू द्या, वेग नको. यासाठी सराव: मेट्रोनोम चालू ठेवून चार बार हळू, चार बार दणकून, पुन्हा चार बार हळू. रेकॉर्ड करून ऐका. जोर बदलतानाच्या बारमध्ये लय हललेली सापडेल.

ऐकण्याची तयारी

फोनच्या स्पीकरवर बास ऐकायला बसू नका. ई तारेचा ४१ हर्ट्झचा मूळ नाद तो स्पीकर वाजवूच शकत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते वरचे उपनाद, आणि त्यावरून सप्तक चुकतं. डोक्यावरचे हेडफोन घ्या. इक्वलायझरमध्ये ८० ते २५० हर्ट्झ थोडं वाढवा, ५,००० च्या वरचं उतरवा म्हणजे झांज मागे जाते. स्वर तरी कळत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये गाणं एक सप्तक वर चढवा. बास गिटारसारखा स्पष्ट होतो. वेग ७० टक्क्यांच्या खाली नेऊ नका, त्याखाली स्वरांची लांबी कळेनाशी होते, आणि लांबीच तर शिकायची आहे.

क्रम असा. पहिलं गाणं 'फ्रेडी फ्रीलोडर'. २ मार्च १९५९, न्यूयॉर्कमधला कोलंबियाचा ३० व्या रस्त्यावरचा स्टुडिओ, माइल्सचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम. पियानोवर विंटन केली, ड्रमवर जिमी कॉब. बी फ्लॅटमधला ब्लूज, लय आरामशीर, बास स्वच्छ ऐकू येतो. एक खुबी लक्षात ठेवा: आवर्तनाचे शेवटचे दोन बार बी फ्लॅटवर परतत नाहीत, ए फ्लॅट सेव्हनवर राहतात. नेहमीचा ब्लूज समजून वाजवणारा तिथं हमखास आपटतो.

पियानोच्या सोलोमधली दोन आवर्तनं कागदावर उतरवा. आधी फक्त पहिल्या मात्रा, मग फक्त चौथ्या, मग मधल्या. डावीकडून उजवीकडे सगळं एकदम लिहायला गेलात तर एका चुकलेल्या स्वरावर अख्खी संध्याकाळ जाते. उतरवलेलं आधी गा, मग वाजवा. गाता येत नाही ते बोटांत बसत नाही.

तुमचं वाद्य सुरात असूनही या रेकॉर्डशी जुळत नसेल तर खुंट्या पिळू नका. २ मार्चच्या रेकॉर्डिंगच्या वेळी मुख्य टेपयंत्र थोडं हळू चालत होतं, त्यामुळे मूळ एलपीवर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी किंचित चढी वाजतात. ही चूक १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. जुन्या एलपीवरून घेतलेली प्रत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये सूर उतरवून घ्या.

त्याच अल्बमवरचं 'सो व्हॉट' दुसरं. इथं धून बासच मांडतो आणि बाकीचे दोन कॉर्डनी उत्तर देतात. हे उत्तर नेमकं पडण्यासाठी बासचं वाक्य संपण्याची जागा दर वेळी तीच हवी. बांधणी ३२ बारची: १६ बार डी डोरियन (पियानोवर डी ते डी फक्त पांढऱ्या पट्ट्यांचं सप्तक), ८ बार ई फ्लॅट डोरियन (तेच अर्धा स्वर वर), परत ८ बार डी. लय सुमारे १३६. कॉर्ड बदलत नाहीत म्हणून सोपं वाटतं. इथंच माणूस हरवतो, कारण बदलणाऱ्या कॉर्ड म्हणजे वाटेतले मैलाचे दगड आणि ते दगडच इथं नाहीत. दर बारला डी वाजवत बसलात तर आठ बार मोजता येत नाहीत आणि ऐकणाराही झोपतो. चार बार चढा, चार बार उतरा, आणि आठव्या बारची चौथी मात्रा राखून ठेवा: ई फ्लॅटकडे जाताना डी किंवा ई, परत येताना ई फ्लॅट किंवा डी फ्लॅट. तो एक स्वर सगळ्या बँडला सांगतो की आता वळण आहे.

तिसऱ्या टप्प्यात मागे, १९५६ मध्ये जा. चेंबर्स १९५५ मध्ये, विशीत, माइल्सच्या पंचकात आला: कोल्ट्रेन, रेड गारलँड, फिली जो जोन्स आणि तो. ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत त्यांनी प्रेस्टिज कंपनीसाठी इतकं रेकॉर्ड केलं की त्यातून चार अल्बम निघाले: 'कुकिन', 'रिलॅक्सिन', 'वर्किन', 'स्टीमिन'. यातून शिकायचं ते 'दोनात' वाजवणं. 'इफ आय वेअर अ बेल'मध्ये धून सुरू असताना बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर लांब स्वर टाकतो. सोलो सुरू झाला की चारात उतरतो. तो बदल झाला की अख्खा बँड उचलला जातो, आणि तेही आवाज न वाढवता. दोनात वाजवताना नवशिके रिकामी जागा भरायला उगाच कारागिरी करतात. नको. दोन लांब स्वर, मधूनच चौथ्या मात्रेवर एक उचल, बस्स. चारात उतरायच्या आधीच्या बारमध्ये मात्र तिसरी आणि चौथी दोन्ही वाजवा, म्हणजे ड्रमवाल्याला इशारा मिळतो.

वेगवान लयीसाठी 'मिस्टर पी.सी.'. कोल्ट्रेननं हे गाणं चेंबर्सच्याच नावानं केलं आणि मे १९५९ मध्ये 'जायंट स्टेप्स' अल्बमसाठी त्याच्याबरोबरच वाजवलं. सी मायनरमधला बारा बारचा ब्लूज. लय २५० च्या वर. कॉर्ड सोप्या: चार बार सी मायनर, दोन एफ मायनर, दोन सी मायनर, एक बार ए फ्लॅट सेव्हन, एक जी सेव्हन, दोन सी मायनर. अडचण दमाची. १६० पासून सुरू करा, आठवड्याला १० ने वाढवा. वेग वाढला की बोट तारेत कमी खोल जाऊ द्या आणि ओढ लहान ठेवा. खांदा वर आलेला जाणवला की त्या क्षणी थांबा. कोपरापासून मनगटापर्यंत दुखणं सुरू झालं तर ते 'मेहनतीचं' म्हणून सोसू नका, दोन दिवस वाद्य खाली ठेवा. बोटाला फोड आली तर फोडू नका, वरून टेप लावूनही वाजवू नका.

कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन' (१५ सप्टेंबर १९५७, हॅकनसॅकमधला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ) ऐका तो बँडमधला तोल ऐकण्यासाठी. तो स्टुडिओ म्हणजे व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. बासला अॅम्प्लिफायर नाही. समोर मायक्रोफोन आणि हातातला दम. आज कार्यक्रमात अॅम्प्लिफायर लागतोच, पण त्याचं बासचं बटण वाढवू नका. खोली घुमते आणि चौथी मात्रा पहिलीत विरघळते. खालचं थोडं काढा, ४०० ते ८०० हर्ट्झचा भाग राहू द्या. स्वराची सुरुवात तिथं ऐकू येते.

ताडून पाहायला त्याच्या काळातले दोघे ऐका: डेट्रॉइटचाच डग वॉटकिन्स, जो जॅझ मेसेंजर्स या बँडचा सुरुवातीचा बासवादक आणि १९५६ च्या 'सॅक्सोफोन कोलॉसस'वर आहे, आणि सॅम जोन्स, १९५८ च्या 'समथिन एल्स'वर. वॉटकिन्सचा स्वर गोल आणि निवांत, जोन्सचा जड. त्यानंतर परत चेंबर्सकडे आलात की त्याची पुढे झुकलेली चाल लगेच ओळखू येते.

गज

चेंबर्स सोलोत गज घेऊन बॉपची वाक्यं वाजवी. त्या काळी जॅझमध्ये हे फार थोडे करत. १४ जुलै १९५७ च्या 'बेस ऑन टॉप'वर हँक जोन्स, केनी बरेल आणि आर्ट टेलर यांच्या साथीनं त्यानं गजावर वाजवलेलं 'यस्टरडेज' आधी ऐका, कारण लय संथ आहे.

बासची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा पुष्कळ मऊ असते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ती डबीतून ओघळते. डबी उभी ठेवा, गाडीत कधीच विसरू नका. केसांवर एकाच दिशेनं, बुडाकडून टोकाकडे, तीन-चार हात पुरेत. जास्त राळ लावली की आवाज खरखरीत होतो आणि तारेवर साचलेला पांढरा थर बोटानं वाजवताना चिकटतो. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा.

गज फिंगरबोर्डचा शेवट आणि घोडी यांच्या मध्यावर. पहिले पंधरा दिवस फक्त मोकळ्या तारा, एका गजाला आठ सेकंद. मग आठ-आठ स्वरांची वाक्यं. प्रत्येक स्वराला वेगळा गज लावला तर ते कवायतीसारखं वाजतं. निम्म्या मात्रेवरचा स्वर पुढच्या ठोक्याच्या स्वराला एकाच गजात जोडा, म्हणजे झोका येतो. म्हणजे इथंही तेच: ठोक्याच्या आधीचा स्वर ठोक्यात नेऊन सोडायचा. सुराची काळजी गजावर दुप्पट घ्यावी लागते. बोटानं ओढलेला थोडा बेसूर स्वर विझून जातो; गजावरचा उभा राहून तुमची चुगली करतो.

पूर्ण बैठक

१९६३ मध्ये चेंबर्सनं माइल्सचा बँड सोडला आणि विंटन केली, जिमी कॉब यांच्याबरोबर त्रिकुट म्हणून वाजवू लागला. हेच त्रिकुट १९६५ मध्ये गिटारवादक वेस माँटगोमेरीबरोबर न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबात वाजलं. तोवर दारू आणि हेरॉइननं त्याचं शरीर पोखरलं होतं; शेवटी क्षयानं तो गेला. व्यसनात सर्जनशीलता शोधणारे नेहमी भेटतात. त्यांना एवढंच सांगावं की त्याच्या चांगल्या रेकॉर्डवर ऐकू येते ती रीतसर शिकलेली बोटं आणि शाबूत लय.

त्या क्लबातल्या वादनापैकी 'नो ब्लूज' शेवटच्या सरावासाठी घ्या. एफमधलाच ब्लूज, तेरा मिनिटांच्या आसपास, म्हणजे वर दिलेल्या चालीवर सुरुवात करता येते. रेकॉर्ड हेडफोनमध्ये, आपला बास दुसऱ्या फोनवर ध्वनिमुद्रित करत, मध्ये न थांबता पूर्ण वाजवा. पहिल्या वेळी सहाव्या-सातव्या मिनिटाला हात जड होईल. स्वर सोपे करा, पण मात्रा सोडू नका. आवर्तन चुकलं तर मूळ स्वर धरून थांबा, पाचव्या बारला बी फ्लॅट ऐकू आला की तिथून आत शिरा. झालं की रेकॉर्ड बंद ठेवून फक्त आपलं मुद्रण ऐका, एकट्या बासचं, आणि जिथं जिथं चौथी मात्रा लवकर तुटली किंवा लवकर पडली तिथली वेळ कागदावर टिपा. पुढच्या आठवड्याचा सराव त्या कागदावरून ठरवा.